हळद लावलेलं चीज

आमच्या सूनबाईंनी गेल्या वर्षी घरात ओव्हन आणला. चकचकीत, काचेच्या दाराचा, आत दिवा लागणारा. ती त्यात भाज्या ठेवते, वरून चीज किसते, बटण फिरवते आणि मोबाईल घेऊन बसते. टिंग वाजलं की पदार्थ तयार. मी म्हणते, "अगं, मधून एकदा बघ तरी!" तर म्हणते, "आई, त्याला कळतं." कळतं म्हणे! डोंबल कळतं त्याला. मी नोकरीभर पोरींना गृहशास्त्र शिकवलं, व्हाइट सॉस किती घट्ट हवा आणि वरचा थर किती लाल हवा यावरून कितीतरी जणींना रडवलं. पण माझी स्वतःची पहिली बेक्ड भाजी कशी झाली, ते वर्गात एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरी माझ्या डोक्यावर चढून बसल्या असत्या. आता निवृत्त झाले, आता कोण काय वाकडं करणार आहे? तेव्हा सांगूनच टाकते.

आमचं घर कारध्याला, वैनगंगेच्या काठावर. पलीकडे भंडारा शहर, अलीकडे आम्ही. आम्ही ढिवर, मासे धरणारी माणसं. दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात बांबूवर वाळत घातलेली जाळी आणि त्या जाळ्यांवर डोळा ठेवून बसलेल्या मांजरी. पहाटे बा डोंगा काठाला लावायचा, तेव्हा डोंग्याचं बूड वाळूवर घासल्याचा आवाज यायचा आणि मला जाग यायची. मग माय अंगणात विळी घेऊन बसायची आणि खवलं काढल्याची खरखर सुरू व्हायची. जेवायला दोन्ही वेळा भात आणि झिंग्यांचं नाही तर मरळीचं कालवण. ज्या दिवशी मायचा मूड चांगला असे त्या दिवशी ती मासोळी पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजायची. वर निखारे, खाली निखारे, आणि पानाचा वास बदलला की चिमट्याने बाहेर. घड्याळ आमच्या घरात नव्हतंच. माय नाकाने वेळ ओळखायची. आणि तिची एक सवय होती. जी वस्तू वास मारते तिला मीठ आणि हळद चोळायची, खसाखसा धुवायची, की वास गेलाच पाहिजे. मासोळ्यांना तर ती चोळायचीच, पण एकदा बाच्या पावसात भिजलेल्या चपलांनाही तिने हळद-मीठ लावलं होतं. बा आठ दिवस पिवळ्या पायांनी हिंडला.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात अकरावीला गेले आणि गृहशास्त्र हा विषय घेतला. का घेतला? आमच्या शाळेत एकदा गृहशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. कडक कांजीची साडी, खांद्यावर पर्स, आणि हेडमास्तरसुद्धा त्यांना "या मॅडम, बसा मॅडम" म्हणत होते. मी तिथेच ठरवून टाकलं की आपल्याला हेच व्हायचंय. त्या वयात माणूस एवढ्याशा गोष्टीवर आयुष्य ठरवतो, आणि माझं तर तसंच झालं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. कॉलेजात आम्ही चौदा पोरी होतो. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या पुण्याकडच्या, बारीक चष्म्याच्या, शिस्तीच्या एकदम पक्क्या. दिवाळीच्या आधी पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, बेक्ड व्हेजिटेबल, आणि सांगितलं की प्रत्येकीने घरून भाजून, गरम आणायचं, मी चव घेऊन मार्क देईन. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वत्सला, तुझ्या घरी ओव्हन नसेल. बघ बाई, हा विषय सोयी असलेल्यांचा आहे. या परीक्षेत पास झालीस तर ठीक. नाही तर दिवाळीनंतर विषय बदलून घे. मी तुझ्या भल्यासाठीच सांगते." सगळ्या वर्गासमोर सांगितलं. माझं तोंड एवढंसं झालं. बदलून घ्यायचं म्हणजे काय? माझ्यापुरता तो विषय गेला की कॉलेज गेलं. पुढे टोपलं होतंच, मायच्या टोपल्याशेजारी बाजारात मांडून बसायचं.

वर्गात रजनी नावाची माझ्या बाकावरची मुलगी होती. तिच्या घरी ओव्हन होता. चार घरी ओव्हन होते आणि बाकीच्या पोरी त्या चार घरी वाटून गेल्या होत्या. रजनी म्हणाली, "ये आमच्याकडे." मी गेले. रजनीच्या आईने मला चहा दिला, बशीत दोन बिस्किटं दिली, खूप गोड बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "तुझी भांडी मात्र नको बाई आणू आमच्या ओव्हनमध्ये. घरात सगळं माशांचं असतं ना तुमच्या? वास लागला की जात नाही." रजनी मान खाली घालून बसली. मी चहा तसाच ठेवून उठले. आज इतकी वर्षं झाली, पण तो अर्धा कप चहा आठवला की अजून माझी कानशिलं तापतात. पुलावरून घरी येताना मी रडत होते, आणि रडते म्हणून स्वतःवरच चिडत होते.

घरी आले तर बा जाळं विणत बसला होता. "तोंड काहून पाडलं वं?" त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं. बा जाळ्याच्या गाठी मारत राहिला. माय मात्र चुलीपासून उठून आली.

"काय करा लागते त्या पदार्थाले? सांग बरं."

"दुधाचा घट्ट रस्सा करायचा, त्यात उकडलेल्या भाज्या टाकायच्या, वरून चीज टाकायचं आणि ओव्हनमधे भाजायचं."

"ओव्हनमधे काय असते?"

"वरून पन आच असते, खालून पन."

माय हसायलाच लागली. "अवं, येवढ्यासाठी तू रडून रायली? मंग मी पानात मासोई कशी भाजतो? तिले का फक्त खालून आच देतो मी?"

तिने लगेच चुलीवर मोठी लोखंडी कढई चढवली आणि मला नदीवरून बारीक रेती आणायला पिटाळलं. रेती कढईत टाकून तापवली, तिच्यावर जर्मनची खोलगट ताटली ठेवली, आम्ही अल्युमिनियमला जर्मन म्हणतो, आणि वर तवा झाकून तव्यावर निखारे रचले. रेती तापली का हे बघायला तिने पळसाच्या पानाचा तुकडा रेतीवर टाकला. पान लगेच काळं पडलं तर आच जास्त, हिरवंच राहिलं तर कमी, हळूहळू तांबूस होत गेलं की बरोबर. पहिल्या दिवशी आम्ही नुसता कोहळा आणि दूध घालून करून पाहिलं. वरचा भाग मस्त लाल झाला. बाने सगळी ताटली चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाला, "याच्यात काय शिकवते वं कॉलेजात? हे त तुही मायच शिकवते."

चिजाचा एकच डबा मी भंडाऱ्याहून आणला होता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो फोडला, कारण आत नेमकं असतं काय ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. पांढरट पिवळी वडी, साबणासारखी. वास घेतला तर आंबूस, पण मॅडमनी सांगितलं होतं की तो तसाच असतो. मी वाटीत ठेवून वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवली आणि झोपले. पहाटे उठून पाहते तर काय, चिजाची वडी पिवळीधमक! आणि तिच्यावरून पाणी निथळतंय!

"माय! हे काय केलं वं तू?"

"वास मारून रायलं होतं त," माय शांतपणे म्हणाली. "खराब झालं असन म्हनून हळद-मीठ लावून चांगलं तीनदा धुतलं. आता पाय, वास गेला का नाही."

मी तिथेच बसले आणि भोकाड पसरलं. आई गं, काय रडले मी! दुसरा डबा आणायला दुकान उघडायच्या आत परीक्षा सुरू होणार होती. माय आधी चक्रावली, मग तिला कळलं की आपण काहीतरी घोळ केला, आणि तिचा चेहरा असा पडला की माझं रडणंच थांबलं. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. मी नाक पुसलं. चीज जिभेला लावून पाहिलं. खारट होतं, पण वाईट नव्हतं. हळदीची हलकीशी चव येत होती, एवढंच. मी म्हटलं, जाऊ दे, रश्श्यात मीठच टाकायचं नाही, चिजाचं मीठ पुरेल. फुलकोबी आणि गाजर उकडलं. मॅडमच्या यादीत वाटाणे होते, ते बाजारात आले नव्हते, म्हणून मी तळ्यातले ताजे शिंगाडे सोलून त्यांचे तुकडे घातले. लोण्यात पीठ भाजलं, दूध ओतलं, गाठी होऊ दिल्या नाहीत. वरून ते पिवळं चीज हाताने चुरून पसरलं. कढई, रेती, तवा, निखारे. माय पानाचा तुकडा टाकून वाकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "आता!" आणि तवा उचलला. काय दिसत होतं ते! कडेला बुडबुडे, वर तांबूस डाग, आणि सगळं सोनेरी. मॅडमच्या पुस्तकातल्या चित्रातसुद्धा तसा रंग नव्हता.

ती ताटली जर्मनच्याच दुसऱ्या ताटलीने झाकून, धानाच्या कोंड्याने भरलेल्या टोपलीत खुपसून, वर गोणपाट टाकून मी निघाले. माय नेहमीसारखी मासोळ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला निघालीच होती. पूल ओलांडून आम्ही बरोबरच गेलो, कॉलेजच्या फाटकापाशी ती बाजाराकडे वळली आणि मी आत गेले.

आत जाऊन पाहते तर सगळीकडे रडारड. आदल्या दुपारपासून शहरातली वीज गेली होती, कुठेतरी मोठा बिघाड झाला होता. आमच्या घरी एक बल्ब, तो लागला काय न लागला काय, आम्हाला पत्ताच नव्हता. चारही ओव्हन बंद. तेराच्या तेरा पोरी कच्च्या ताटल्या घेऊन उभ्या होत्या, वर किसलेलं चीज जसंच्या तसं पांढरं. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "आता परीक्षा रद्द," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर बघू."

"मॅडम, माझं झालंय," मी म्हटलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी टोपलीतून ताटली काढली. अजून वाफ निघत होती. मॅडमनी चष्मा सारखा केला. "हा रंग कसला?" मला खोटं सुचलंच नाही, मी सगळं खरं सांगून टाकलं, की मायला वाटलं चीज नासलं, म्हणून तिने मासोळीसारखं हळद-मीठ लावून धुतलं. पोरी पोट धरधरून हसल्या. रजनीसुद्धा हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चमच्याने कोपरा उचलला, खाल्ला. मग मधला भाग खाल्ला. मग चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "वत्सला, हे तू कुठून आणलंस? गावात वीज नाही, तुझ्या घरी ओव्हन नाही. खरं सांग. कुठल्या हॉटेलातून करून आणलंस का?"

आता हे ऐका! नापास करते म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण खोटारडी? माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी म्हटलं, "मॅडम, मी आत्ता मायला घेऊन येते. ती तुमच्यासमोर करून दाखवेल. नाही झालं तर मी विषयच काय, कॉलेजही सोडते." आणि त्यांच्या परवानगीची वाट न बघता पळत सुटले.

माय बाजारात नुकतीच टोपलं उतरवून बसली होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने आधी विचारलं, "खाल्लं का तिनं?" मी म्हटलं, खाल्लं, दोनदा. "आनि मंग माह्या पोरीले खोटी म्हनते? चाल!" टोपलं पुन्हा डोक्यावर गेलं. एवढं तरातरा चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, मला मागून पळावं लागत होतं.

कॉलेजच्या मागे नव्या खोलीचं बांधकाम चाललं होतं. रेतीचा ढीग पडलेला, विटा, लोखंडी घमेली. मायने एक नजर फिरवली आणि पदर खोचला. फाटकासमोरच्या चहावाल्याकडून कोळशाचे निखारे मागून आणले, विटांच्या तीन चुली मांडल्या, त्यांवर रेतीची घमेली चढवली, त्यांवर दुसरी घमेली झाकून त्यांच्यावरही निखारे. पळस काही तिथे नव्हता. तिने टोपल्यातल्या मासोळ्यांवर झाकलेली पानं काढली, एक तुकडा रेतीवर टाकला आणि मॅडमकडे बघून म्हणाली, "मॅडम, इकडे या. हे पान पाहा. लाल झालं का मले सांगा." आणि आमच्या मॅडम, पुण्याच्या, कांजीच्या साडीतल्या, रेतीवरच्या पानाकडे बघत तिथे उकिडव्या बसल्या.

"झालं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"नाही झालं अजून. वास घ्या."

मॅडमनी वास घेतला. माझी छाती अशी भरून आली की विचारू नका.

"कोनाची टाकू पयले?" मायने विचारलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मायचे हात मासोळ्यांचे, आणि रजनीच्या आईने जे मला तोंडावर सांगितलं होतं ते बाकीच्यांच्याही मनात असणारच. मी मुद्दाम काही बोलले नाही. मला बघायचंच होतं. मायने बादलीतल्या पाण्याने हात धुतले, खसाखसा, कोपरापर्यंत. आणि रजनी पुढे आली. लालबुंद झाली होती. तिने आपली काचेची, फुलाफुलांची ताटली मायच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, माझी टाका." मायला काहीच माहीत नव्हतं, ती कोण आणि कुणाची. तिने ताटली हातात फिरवून पाहिली. "काचेचं हाय पोरी, फुटन. जर्मनचं आन कोनाचं तरी." तिने सगळी भाजी काळजीपूर्वक माझ्या झाकणाच्या जर्मनच्या ताटलीत काढली, वरचं चीज सारखं केलं आणि घमेल्यात ठेवली. म्हणजे रजनीची भाजी आमच्याच भांड्यात भाजली गेली. मी खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं.

मग रांग लागली. कुणी कोळसे फुंकत होतं, कुणी रेती चाळत होतं, कुणी वर्गातून ताटल्या आणत होतं. मायचा आवाज सगळ्या मैदानात: "तू वं लंबे वेणीवाली, झाकन नको उचलू सारखं सारखं! आच पळते!" "मॅडम, तुमी तिकडच्या घमेल्याकडे पाहा!" मॅडम पाहत होत्या. एकेक ताटली बाहेर येत होती, लाल, बुडबुडणारी, आणि दर वेळी पोरी टाळ्या वाजवत होत्या. दोन ताटल्या करपल्या, झाकण उचलताना त्या पोरींनी वरचे निखारे आत पाडले म्हणून, आणि मायने त्यांना सुनावलं ते सुनावलंच. प्राचार्य बाहेर आले, धूर बघून ओरडणार होते, पण मॅडमनीच त्यांना हात करून थांबवलं.

सगळं झाल्यावर मॅडम वही घेऊन माझ्यापाशी आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वत्सला, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी." मग वहीत माझ्या नावापुढे मार्क लिहिले. वर्गात सगळ्यांत जास्त. आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर पहिल्या बाकावर बसायचं." मी नुसती मान हलवली.

मायला कोणी विचारलंच नव्हतं की तू खाल्लंस का. मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या ताटलीतला उरलेला भाग बशीत काढला आणि स्वतः मायच्या हातात दिला. माय विटेवर बसली. चौदा पोरी, मॅडम, प्राचार्य, चहावाला, सगळे गोल करून उभे. माय आपली सावकाश चावत होती. आता खरी परीक्षा होती आणि सगळ्यांना ते कळत होतं.

तिने बशी खाली ठेवली. तोंड पुसलं. माझ्याकडे वर बघितलं.

"चांगलं केलं वं तू," ती म्हणाली. "पन येवढ्या मेहनतीत एक मासोई टाकली असती, त काही तरी झालं असतं."